अस्वस्थ चरण

दुसऱ्याच्या पायांना आपल्याकडे जितका मान आहे, तितका स्वतःच्या पायांना नाही. गुरूचे, वडिलांचे आणि देवाचे चरण आपण मस्तकी धरतो. पादुकांची पूजा करतो. वडील माणसांस पत्र लिहिताना आरंभी साष्टांग नमस्कार घालण्याची चाल अगदी कालपरवापर्यंत होती. स्वतःचे पाय मात्र बाहेरून आल्यावर धुवावयाचे आणि पानावर बसताना मुडपून घ्यावयाचे, एवढाच त्यांचा आपला संबंध. दिवसभर ते मुकाट्याने भार वाहतात, म्हणून त्यांची आठवण होत नाही. ती होते रात्री, अंथरुणाला पाठ लागल्यावर; आणि विशेषतः ज्या दिवशी त्यांच्याकडून नित्याहून अधिक काम घेतले असेल, त्या दिवशी.

साऱ्या देहास विश्रांती हवी असते, डोळे मिटू लागलेले असतात, आणि पाय तेवढे ऐकत नाहीत. पोटरीत काहीतरी उडते, मांडी आपोआप थरथरते, पाय ह्या कुशीवर ठेववत नाहीत आणि त्या कुशीवरही ठेववत नाहीत. हा अनुभव पुष्कळांस आहे. परंतु त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही, कारण तो सांगण्याजोगा रोगच वाटत नाही. ताप आला तर घरची माणसे कपाळावर हात ठेवून पाहतात. ‘पाय स्वस्थ बसत नाहीत’ असे सांगितले, तर उत्तर मिळते, ‘मग बसव की स्वस्थ!’

ह्या एका तक्रारीच्या पोटात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि त्यांची गल्लत केल्याने एकाचा उपाय दुसऱ्यावर केला जातो, हे आम्हांस अलीकडेच नीट उमगले. आम्ही वैद्यही नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे इंग्रजी, पाठशाळेतले संस्कृत आणि पस्तीस वर्षांची मास्तरकी एवढेच आमचे भांडवल. परंतु दिसायला सारख्या असणाऱ्या दोन शब्दांतला भेद विद्यार्थ्यांस समजावून देणे हा आमचा जन्माचा धंदा. तोच येथे पायांच्या बाबतीत चालवीत आहो.

निमित्त झाले ते गिरनारच्या यात्रेचे. गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंती आटोपल्यावर आम्ही, आमच्या सौभाग्यवती, आमचे मेहुणे आणि नाशकास शिक्षिका असलेली आमची कन्या असे चौघेजण जुनागडास गेलो. शहरातून पर्वताकडे जाताना वाटेत ती प्रसिद्ध शिळा लागते. तिच्यावर अशोकाच्या धर्माज्ञा आहेत, आणि तिच्यावरच महाक्षत्रप रुद्रदामनाचा सुमारे इ. स. १५० मधील संस्कृत गद्यलेख आहे. संस्कृताच्या मास्तराला ती शिळा म्हणजे यात्रेआधीची यात्राच. तेथे आम्ही इतका वेळ उभे राहिलो की, ‘अहो, देव वर आहे,’ अशी आठवण सौभाग्यवतींस करून द्यावी लागली.

गिरनारच्या पायऱ्या सुमारे दहा हजार असल्याचे सांगतात. वाटेत नेमिनाथाचे भव्य जैन मंदिर, पुढे अंबामातेचे स्थान, त्यापुढे गुजरातेतील सर्वांत उंच असे गोरखनाथाचे शिखर आणि शेवटी दत्तात्रेयांच्या पादुका. अंबाजीपर्यंत २०२० च्या ऑक्टोबर महिन्यापासून रज्जुमार्ग झाला आहे. सौभाग्यवतींनी त्याचा आश्रय केला आणि अंबाजीचे दर्शन घेऊन त्या सुखरूप खाली परतल्या. उरलेले आम्ही तिघे मध्यरात्रीनंतर काठ्या घेऊन निघालो, पहाटे पादुकांवर मस्तक ठेवले आणि दुपारपर्यंत खाली आलो. आमच्या वयास सहासष्ट वर्षे पूर्ण झाली असल्याने हा पराक्रम आम्हांस थोडा मिरवावासा वाटला, हे लपविण्यात अर्थ नाही.

त्या रात्री धर्मशाळेच्या एकाच खोलीत आमचे तिघांचे सहा पाय तीन तऱ्हांनी बोलू लागले.

आमच्या मांड्या लाकडासारख्या ताठरल्या होत्या, आणि पोटऱ्यांच्या कातडीखाली जणू एखादी मासोळी वळवळत असावी, असे लहान लहान झटके येत होते. दुखत असे ते हालचाल करताना. निश्चल पडले की बरे वाटे, पण त्या वळवळीने डोळा लागत नसे. मेहुण्यांचे निराळे. ते गाढ झोपेत असताना एकाएकी ‘आई गं’ म्हणून उठले. त्यांच्या डाव्या पोटरीत वांब आला होता. पोटरीचा गोळा दगडासारखा घट्ट होऊन वर चढला होता. दोन-तीन मिनिटांनी तो उतरला आणि ते पुन्हा घोरू लागले. कन्येची तऱ्हा तिसरीच. तिचे दुखत काहीच नव्हते. परंतु ती अंथरुणावर क्षणभर पडे, पाय चोळी, उठून बसे, आणि शेवटी बाहेरच्या सज्जात जाऊन येरझारा घालू लागे. ज्या मुलीने दहा हजार पायऱ्या नुकत्याच पायांखाली घातल्या, ती रात्री दोन वाजता आणखी चालत होती! आम्हांस एक पाऊल टाकणे म्हणजे शिक्षा, आणि तिला पाऊल टाकल्यावाचून सुख नाही. सौभाग्यवतींचे पाय अर्थातच शांत होते. परंतु आम्हां तिघांच्या गडबडीत त्यांचीही झोप गेली.

आता ह्या तिन्ही प्रकारांची फोड करू.

पहिला प्रकार आमचा, म्हणजे श्रमलेल्या स्नायूंचा. लोकांची समजूत अशी की, चढण माणसाला दमविते आणि उतार सोपा असतो. दमण्यापुरते ते खरे. दुखण्याच्या बाबतीत ते उलटे आहे. उतरताना प्रत्येक पायरीस मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना त्याच वेळी शरीराचा भार धरून ठेवतो. रहाटाचा दोर हळूहळू सोडताना हातांस जसे ओरखडे पडतात, तसे ह्या कामात स्नायूंच्या तंतूंस सूक्ष्म इजा होतात. त्यांची डागडुजी करताना शरीर तेथे थोडी सूज आणते, आणि म्हणून दुखणे त्याच दिवशी शिगेस न पोहोचता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोहोचते. अमेरिकेतील थिओडोर हॉ ह्या शरीरशास्त्रज्ञाने १९०२ साली ह्या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे वर्णन केले होते. पुढे पुष्कळ वर्षे त्याचा दोष स्नायूंत साचणाऱ्या दुग्धाम्लावर, म्हणजे लॅक्टिक ॲसिडवर टाकण्यात येई. परंतु ते आम्ल श्रम थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातून निघून जाते. दोन दिवसांनी दुखणाऱ्या मांडीचा आरोप त्याच्यावर ठेवता येत नाही.

पोटरीतली ती वळवळ म्हणजे दमलेल्या मज्जातंतूंच्या टोकांनी कोणाची आज्ञा नसताना स्नायूंना दिलेले लहान लहान इशारे होत. जागरण आणि चहा-कॉफी ह्यांनी ते वाढतात. संस्कृतात ह्यास ‘स्फुरण’ असा सुरेख शब्द आहे. आपल्याकडे डोळा लवला की शुभाशुभ पाहतात. शाकुंतलात आश्रमात पाऊल टाकताच दुष्यंताचा बाहू स्फुरतो आणि पुढे सारे नाटक घडते. राजाचा बाहू स्फुरला तर शकुंतला भेटते. मास्तराची पोटरी स्फुरली तर फक्त झोप मोडते. ह्या प्रकारास औषध लागत नाही. विश्रांती, हलके चालणे, पुरेसे पाणी आणि तीन-चार दिवसांचा धीर ह्यांनी तो आपण होऊन निवतो. शिवाय शरीर ह्या श्रमाची आठवण ठेवते. एकदा असे दुखून गेले की, पुढच्या कित्येक आठवड्यांत तसाच उतार उतरला तर दुखणे पुष्कळच कमी होते. गिरनारचे डोलीवाले माणसास खांद्यावर घेऊन ज्या पायऱ्या चढतात-उतरतात, त्यांतले एक रहस्य हेच आहे.

दुसरा प्रकार मेहुण्यांचा, म्हणजे वांब किंवा पेटका. चरकाने वाताच्या ऐंशी विकारांची जी गणना केली आहे, तीत ‘पिंडिकोद्वेष्टन’ हे नाव येते. पिंडिका म्हणजे पोटरी आणि उद्वेष्टन म्हणजे पिळवटणे. ज्याला एकदा वांब आला आहे, त्याला ह्या समासाचा विग्रह निराळा शिकवावा लागत नाही! त्याच यादीत ‘अस्वप्न’, म्हणजे झोप न येणे, हेही आहे. घामावाटे मीठ गेल्यामुळे वांब येतो, असे सर्रास सांगतात. परंतु दूरच्या शर्यती धावणाऱ्यांची रक्ततपासणी झाली तेव्हा वांब आलेल्यांत व न आलेल्यांत क्षारांचा म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. म्हणून स्नायूंच्या थकव्यामुळे मज्जातंतूंचा तोल बिघडणे हेच मुख्य कारण असावे, असा मतप्रवाह आज प्रबळ आहे. तात्कालिक उपाय एकच आणि तो खात्रीचा: गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा हाताने आपल्याकडे ओढावा. नेदरलंडात ५५ वर्षांवरील ८० लोकांवर एक प्रयोग होऊन तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. रोज निजण्यापूर्वी पोटरी व मांडीची मागची बाजू काही मिनिटे ताणल्याने सहा आठवड्यांत रात्रीचे वांब कमी झाले, असे त्यात आढळले. ह्याच्या उलट, वृद्धांच्या अशा वांबांवर मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, असा निष्कर्ष अनेक प्रयोग एकत्र तपासून २०२० साली काढण्यात आला आहे. पूर्वी क्विनीनही देत असत. त्याने काही रोग्यांच्या रक्तास व हृदयास गंभीर अपाय झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने त्याविरुद्ध कडक इशारे दिले आहेत. तेव्हा चवडा ओढणे हेच स्वस्त आणि शहाणपणाचे.

तिसरा प्रकार आमच्या कन्येचा, आणि ह्या लेखाचे खरे प्रयोजन तोच आहे.

चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. आमच्या मांड्या निवळल्या, मेहुण्यांस वांब पुन्हा आला नाही. पण परतीच्या गाडीत रात्रभर आमची मुलगी डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होती, आणि घरी आल्यावरही तिचे फिरणे थांबेना. आम्ही तिला जवळ बसवून विचारले. ती म्हणाली, “अप्पा, हे गिरनारचं नाही. हे आठ-दहा वर्षांचं आहे. संध्याकाळ झाली की पायांत काहीतरी सुरू होतं. दुखत नाही, पण राहवतही नाही. हलवले की थांबतं, थांबले की पुन्हा सुरू. मला वाटायचं सगळ्यांनाच होत असेल. शाळेत बाई ओरडायच्या, पाय हलवू नकोस म्हणून. मग कुणाला सांगायचं?” त्यानंतर हळूहळू उलगडा झाला. ती कीर्तनास यावयाचे टाळी, ते भक्ती कमी म्हणून नव्हे. मांडी घालून दोन तास बसणे तिला अशक्य होते म्हणून. रात्रीच्या बसचा प्रवास ती टाळी, नाटकास गेली तर शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची धरी. एवढी मोठी गैरसोय ती एकटीच, कोणास न सांगता, सांभाळीत आली होती.

हे ऐकत असता आमच्या डोळ्यांपुढे आमची आई उभी राहिली. आमच्या लहानपणी, म्हणजे १९६५ च्या सुमारास, साताऱ्याच्या वाड्यात रात्री निजानीज झाल्यावर माजघरात तिच्या अनवाणी पावलांचा आवाज येत असे. कंदील बारीक केलेला, ओठांवर कोणते तरी स्तोत्र, आणि ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत फेऱ्या. पाच बाळंतपणे झालेली, दिवसभर विहिरीचे पाणी आणि जात्यावरचे दळण करणारी ती बाई रात्री का फिरते, हे कोणी विचारले नाही. आमच्या काकांनी एकदा थट्टेने म्हटले, “वहिनींच्या पायाला भिंगरी आहे,” आणि तेच तिच्या त्रासाचे नाव पडले. ती मात्र कधी म्हणे, “हाडांच्या आतून कुणी दोरा ओढतंय.” तिला जाऊन आता तीस वर्षे झाली. ती भिंगरी नव्हती. तो एक ओळखीचा, नाव असलेला विकार होता.

हा विकार तिच्या जन्माआधीही युरोपात अगदी अज्ञात होता असे नव्हे. टॉमस विलिस ह्या इंग्रज वैद्याने १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात, अंथरुणावर पडताच ज्यांच्या हातापायांत अस्वस्थता सुरू होते आणि त्यामुळे ज्यांस मुळीच झोप लागत नाही, अशा रोग्यांचे वर्णन केले होते. पुढे स्वीडनमधील कार्ल-आक्सेल एकबोम ह्या मज्जाविकारतज्ज्ञाने १९४५ साली ह्या विकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व त्यास ‘अस्वस्थ पाय’ अशा अर्थाचे नाव दिले. त्याची लक्षणे मोजकी आणि स्पष्ट आहेत. पाय हलविण्याची अनावर इच्छा होते. ती बसल्या-निजल्यावर उद्भवते. चालल्याने अथवा पाय ताणल्याने निदान तेवढ्यापुरती शमते. आणि ती संध्याकाळी व रात्री बळावते. ह्या चारही गोष्टी जुळल्या आणि वांब, सूज, सांधेदुखी असे दुसरे कारण नसले, तर विकार हाच समजावा. पुष्कळ रोग्यांचे पाय झोपेतही वीस-चाळीस सेकंदांच्या अंतराने झटकतात. हे निजणाऱ्यास कळत नाही, शेजारी निजणाऱ्यास कळते. म्हणून डॉक्टरकडे जाताना त्या साक्षीदारास बरोबर न्यावे.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, गरोदरपणी त्याहून अधिक, आणि तो पुष्कळदा घराण्यात उतरतो. मूत्रपिंडाच्या जुन्या रोगातही तो दिसतो. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचा लोहाशी असलेला संबंध. मेंदूतील ज्या द्रव्यामुळे हालचालीचे नियमन होते, ते तयार होण्यास लोह लागते. ह्या रोग्यांच्या मेंदूच्या काही भागांत लोहाचा साठा कमी असल्याचे आढळले आहे. येथे एक फसगत होते. नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन पाहतात आणि ते ठीक असले की ‘रक्त चांगले आहे’ म्हणून निश्चिंत होतात. परंतु हिमोग्लोबिन ही हातातली मोड आहे. कोठारातली शिल्लक कळते ती फेरिटिन ह्या तपासणीने. शिल्लक संपत आली तरी काही काळ हातातली मोड पुरते. आमच्या कन्येचे असेच झाले. तिचे हिमोग्लोबिन १२.२ होते, फेरिटिन निघाले अवघे ११. ह्या विकारात ते ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करावा, असे आज तज्ज्ञ सांगतात.

आणि त्यात नवल ते काय? २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे आढळले. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत लोह मिळते ते धान्य, कडधान्ये आणि पालेभाज्यांतून, आणि ते अंगी लागण्यास कठीण. त्यावर स्त्रियांचे उपास, सर्वांमागून उरलेसुरले जेवणे, आणि हात धुतल्याबरोबर चहाचा पेला! चहातील तुरट द्रव्य अन्नातील लोहास शरीरात शिरू देत नाही. उलट, लिंबू किंवा आवळा पानात असला तर तेच लोह अधिक अंगी लागते. आमच्या आजीच्या वेळची लोखंडी कढई आणि बाळंतिणीचे हळिवाचे लाडू ह्यांत किती शहाणपण होते, हे आता ध्यानी येते. कढई जड म्हणून आम्ही माळ्यावर टाकली, आणि हळीव फक्त बाळंतिणीपुरते उरले.

तथापि एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ‘पाय अस्वस्थ’ एवढ्यावरून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. काहींच्या शरीरात लोह आधीच जास्त असते, त्यांस त्या घातक ठरतात. आणि उतारवयाच्या माणसात, विशेषतः पुरुषात, लोह कमी निघाले, तर ते कोठून गळते आहे, ह्याचा शोध आधी घ्यावा लागतो. तो शोध कधी कधी जीव वाचवितो. आमचीही तपासणी डॉक्टरांनी करविली. ती निर्दोष निघाली, तेव्हा आमची वळवळ ती निव्वळ गिरनारची होती, असे सिद्ध झाले.

मग व्यायामाचे काय? त्याचा ह्या विकाराशी दुहेरी संबंध आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, अशा रोग्यांनी आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे, चालणे व पायांचे व्यायाम नियमाने केले, तेव्हा त्यांचा त्रास बराच उतरला. परंतु एकदम अतिश्रम झाले, किंवा निजण्याच्या सुमारास कष्टाचा व्यायाम केला, तर पाय अधिकच खवळतात, असा पुष्कळ रोग्यांचा अनुभव आहे. म्हणजे मापात घेतला तो औषध, मापाबाहेर गेला तो उपद्रव. वाग्भटाने व्यायामाची मर्यादा ‘अर्धशक्ती’ ही सांगितली आहे; आणि कपाळावर व काखेत घाम येऊ लागणे व तोंडास कोरड पडू लागणे ही ती मर्यादा आल्याची खूण मानितात. शक्ती अर्धी शिल्लक असतानाच थांबावयाचे, हा नियम तालमीतल्या पोरांस भित्रेपणाचा वाटेल. साठीनंतर मात्र तो पाठ करून ठेवण्याजोगा आहे. ज्यांस गिरनार किंवा सिंहगड करावयाचा असेल, त्यांनी दीड-दोन महिने आधीपासून जिन्याच्या पायऱ्या, चढण्याइतक्याच उतरण्याच्याही, थोड्या थोड्या वाढवीत जाव्यात.

रात्रीचे उपायही प्रकारपरत्वे निवडावेत. श्रमलेल्या पायांस कोमट पाणी आणि हलक्या हाताचे तेल पुरे. अस्वस्थ पायांस निजण्यापूर्वीचे ताणणे, कोणास ऊन पाण्याचा तर कोणास गार पाण्याचा शेक, आणि तळपायांस काशाची वाटी ह्यांनी आराम पडतो. वाटीने मूळ विकार जात नाही, परंतु झोप लागेपर्यंतची वेळ निभावते. दुपारनंतरचा चहा सोडावा. त्यातील उत्तेजक द्रव्य पाच-सहा तासांनंतरही निम्मे शरीरात उरलेले असते. सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या काही गोळ्या, ओकारीवरची काही औषधे आणि मनोविकारांवरची कित्येक औषधे ह्या अस्वस्थतेस वाढवितात. ती चालू असल्यास आपण होऊन बंद न करता डॉक्टरांस सांगावे. ह्या विकारावर पूर्वी ज्या गोळ्या सर्रास देत, त्यांनी काही वर्षांनी त्रास उलट वाढतो असे दिसून आल्यामुळे त्यांचा वापर आता बेताने करतात; म्हणून कोण्या नातलगाची जुनी चिठ्ठी दाखवून औषध आणू नये.

मन गुंतविणारे काम केल्यानेही ही अस्वस्थता मागे पडते. कन्येस आम्ही संस्कृत रूपे म्हणावयास सांगितली. पण ‘राम’ शब्द चालविण्याचा काही उपयोग झाला नाही, कारण तो जिभेस इतका पाठ आहे की मन मोकळेच राहते. कठीण धातूंची लुङ् लकारातली रूपे मात्र गुणकारी ठरली. तीत मन असे अडकते की पायांची आठवण राहत नाही. ज्यांस व्याकरणाची रुची नाही, त्यांनी शब्दकोडे किंवा पाढे घ्यावेत.

काही खुणा मात्र घरगुती उपायांच्या पलीकडच्या आहेत. लांबच्या प्रवासानंतर एकच पाय सुजला, तापला व दुखू लागला, तर शिरेत रक्त गोठल्याची शंका घ्यावी. तो पाय चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अतिश्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू मोडून मूत्रपिंडावर भार पडत असतो. तेथेही उशीर नको. आणि स्फुरणाबरोबर पाय अशक्त किंवा बारीक होऊ लागला, तर तपासणी टाळू नये.

आमच्या कन्येस डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार महिने लोह देण्यात आले. फेरिटिन ११ वरून ५२ वर आले आहे. त्रास समूळ गेला नाही. परंतु आठवड्यातून सहा रात्री फिरणारी आता एखादी रात्र फिरते. गेल्या महिन्यात तिने तीन तासांचे संगीत नाटक मधल्या रांगेत बसून पाहिले, आणि घरी आल्यावर नाटकाविषयी न बोलता प्रथम ते सांगितले.

हे लिहिण्याचा उद्देश आमच्या घरची हकीकत ऐकविणे हा नव्हे. आमच्या आईचा काळ गेला; तिला आता काही देता येत नाही. परंतु प्रत्येक घरात अशी एखादी आई, काकू किंवा सून असण्याचा संभव आहे, जी रात्री स्वयंपाकघरात विनाकारण उठून काहीतरी आवरीत बसते, आणि जिला घरचे लोक ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून देतात. स्वभाव हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की विचारण्याचे कष्ट वाचतात. वाचकांस आमची विनंती इतकीच की, रात्री कोणाच्या पावलांचा आवाज आला, तर कूस बदलून निजू नये. उठून विचारावे की, पाय दुखतात, वळतात, की स्वस्थ बसत नाहीत? ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगळी आहेत, आणि त्यांपैकी तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ आले, तर दुसऱ्याच दिवशी रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.